त्या वर्षी नाताळ आमच्याकडे

दुसऱ्या मजल्यावरची माझी मैत्रीण आणि मी गिरगावात एकाच चाळीत वाढलो. भाईंदर पश्चिमेला जागा घ्यायची ठरली तेव्हा मीच हट्ट धरला, घ्यायची तर दोघींनी एकाच इमारतीत. ती दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. नव्वदच्या आसपासची गोष्ट. पाणी दिवसाआड, तेही करंगळीएवढ्या धारेनं, आणि माहेर गाठायचं म्हणजे अर्धा दिवस मोडायचा. पण हाक मारली की ती जिना चढून वर येते, एवढ्यावर माझं भागत होतं.

मग तिच्या समोरचा फ्लॅट उत्तनजवळच्या डोंगरी गावच्या एका ख्रिस्ती बाईनं घेतला. नवरा जहाजावर, मूलबाळ नाही, बाई हसतमुख. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. कारण विचाराल तर तेव्हा सांगता आलं नसतं, आता येतं. माझी मैत्रीण दार उघडलं की समोर तिला दिसायची, आणि मला भेटायला मात्र वीस पायऱ्या चढाव्या लागायच्या.

दर नाताळला त्या बाईकडे दुपारी इमारतीतल्या सगळ्या बायका जमायच्या. खिडकीत कागदाची चांदणी, टेबलावर क्रोशाचं कापड, बशांमधून करंज्या, नारळाच्या वड्या आणि कलकल. हे कलकल म्हणजे काय, तर गोडसर पिठाची गोळी नव्या कंगव्यावर दाबून गुंडाळायची आणि तळायची. मैदा तोच, साखर तीच, माझ्या शंकरपाळ्यांपेक्षा त्यात काय जास्त होतं ते मला आजही कळलेलं नाही. पण ते वळायला माझी मैत्रीण दोन-दोन दिवस तिच्याकडे बसायची. माझ्या दिवाळीच्या शंकरपाळ्या कापायला कधी बसली? "अगं, तुझा हात किती भरभर चालतो, मी मध्ये लुडबुड कशाला करू," म्हणायची. मला लुडबुडच हवी होती.

एका वर्षी श्रावणात त्या बाईची आई गेली. आम्ही सगळ्या डोंगरीला भेटून आलो. डिसेंबर लागला, पंधरा तारीख उलटली, तरी तिच्या खिडकीत चांदणी लागेना. यंदा ती नाताळ करत नाही, अशी बातमी माझी मैत्रीणच वर घेऊन आली. चेहरा उतरलेला. मीही चुकचुकले, आणि ती खाली गेल्यावर स्वयंपाकघरात उभी राहून चक्क हसले. लाज वाटावी असं हसू होतं ते. वाटली नाही.

त्याच संध्याकाळी मी ठरवलं, यंदा नाताळ आमच्याकडे. हे ऑफिसातून आले तर म्हणाले, "आपला काय संबंध?" मी म्हटलं, "सण काय कुणाच्या नावावर लिहून दिलेत का?" यांनी पेपर उघडला.

तयारीत मी कसूर केली नाही. माळ्यावरून दिवाळीचा आकाशकंदील काढून पुसून गॅलरीत टांगला. चांदणीच्या तोडीस तोड. कुकरमध्ये वाळू घालून, शिटी काढून, तीनदा केक करून पाहिला. पहिला खाली करपला, दुसरा मधे बसला, तिसरा जमला. बिनअंड्याचा, कारण चौथ्या मजल्यावरच्या गुजराती भाभी. कंगवाही नवा आणला आणि कलकल एकटीनं वळले, रागारागानं, दोन किलो.

आमंत्रणं करायला घरोघर गेले. मैत्रिणीला सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. "खरंच करतेस?" एवढंच म्हणाली, डोळ्यांत पाणी. मी हवेत. समोरच्या दाराची बेल मात्र वाजवली नाही. दुखवट्यातल्या बाईला मेजवानीला कसं बोलवायचं, असं मी मनाला सांगितलं, आणि मनानंही ते लगेच ऐकलं.

पंचवीस तारखेला दुपारी तीनपर्यंत हॉल भरला. भाभींनी केक उचलून तीनदा विचारलं, "अंडा नहीं डाला ना?" आणि चार तुकडे खाल्ले. मैत्रीण तेवढी यायची राहिली होती. मी दाराकडे बघतेय, तेवढ्यात ती आली, आणि तिच्या मागे, साधी पांढरी साडी नेसून, ती.

"बघ, म्हटलं नव्हतं मी?" माझी मैत्रीण तिला म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात वर्षभर सण नाही, त्यांचा फराळ शेजारणींनी करायचा. आपल्यात दिवाळीला करतात तसं. हिला सांगावं लागलं नाही, हिनं आपणहून केलं."

मी केकची सुरी हातात धरून उभी. आमच्या आजेसासूबाई गेल्या त्या दिवाळीत याच मैत्रिणीनं मला चार डबे भरून फराळ आणून दिला होता. ही रीत मला पाठ होती. मत्सराच्या नादात ती माझ्या डोक्यातसुद्धा आली नव्हती. आता हॉलमधल्या साऱ्या बायका माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या आणि मी ते कौतुक तसंच ठेवून घेतलं.

त्या बाईनं माझे दोन्ही हात धरले. "आमच्या गावान पण असाच हाय, ताई," ती म्हणाली. एरवी आमच्याशी आमच्यासारखी बोलणारी ती त्या दिवशी तिच्या गावचं बोलत होती. "दुखाच्या वर्षी बाजूवाले आणून देतात. मना वाटला, इथं बिल्डिंगीत कुणाला काय ठावं. तुमी केलाव." आणि ती रडली. बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. सोफ्यावरची मधली जागा तिला, पहिली बशी तिला, आईच्या आठवणी तिच्याच. माझ्या मैत्रिणीनं तिच्या शेजारी बसून एक कलकल तिच्या हातावर ठेवला, मी वळलेला. कंदील माझा, केक माझा, घर माझं, आणि नाताळ पुन्हा तिचाच झाला होता. इतकं जळलं मला, की त्या रडणाऱ्या बाईची मला दयाही येईना.

पाचच्या सुमारास ती उठली. आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावायची होती, पण एकटीनं जायचा धीर होत नाही म्हणाली. "मी येते ना," माझी मैत्रीण तत्काळ म्हणाली. "आत्ताच बस धरली तर दिवेलागणीपर्यंत पोचू." तिनं माझ्याकडे रिकामा डबा मागितला, केकचा मोठा तुकडा त्यात घातला, आणि मग दारात चपला सरकवताना वळून म्हणाली, "तू पण चल ना गं."

"मी कशी येऊ? हा पसारा कोण आवरणार?"

"राहू दे पसारा. आल्यावर दोघी मिळून आवरू."

"नको. तुम्ही जा."

तिनं दुसरी चप्पल सरकवली. मग "बरं" म्हणाली आणि गेली.

मी गॅलरीत आले. खाली रस्त्यावर उत्तनची बस येताना दिसत होती. तिनं एका हातात डबा धरला होता आणि दुसऱ्या हातानं त्या बाईचा हात घट्ट पकडून ती रस्ता ओलांडत होती. रस्ता ओलांडताना कुणाचातरी हात धरायची तिला शाळेपासूनची सवय, आणि शाळेत असताना तो हात माझा असायचा. दोघी चढल्या आणि बस मुर्धा गावाच्या दिशेला लागली.

मला जायचं होतं. तिनं त्या बाईला "येते" म्हटलं आधी, आणि मला "चल" म्हटलं नंतर, तेवढ्यावरून मी गेले नाही.