फरीदाबाद ते ताश्कंद, व्हायलेट लाइनने

बाबांनी हो म्हणून टाकलं आणि मग तीन दिवस घरभर येरझाऱ्या घातल्या. मंडी हाउसजवळच्या एका हौशी फिल्म क्लबात शनिवारी दोन उझबेक चित्रपट दाखवायचे होते. जुन्या चित्रपटाला सबटायटल्स नव्हती, आवाज रशियन. माइकवर चालू सिनेमाचा हिंदी अनुवाद करायचा होता. बाबांनी केंद्र सरकारच्या नोकरीत जन्मभर रशियन कागद हिंदीत उतरवले, पण निवृत्तीनंतर रशियन कानावरही नव्हती. "फजिती झाली तर तू ओळख दाखवू नकोस," मला म्हणाले.

तुम्हाला जायचं असेल तर फरीदाबादहून थेट मेट्रो आहे, तासाभरात मंडी हाउस. सकाळी आम्हाला बसायला जागाही मिळाली. वाटेत बाबांची उझबेक सिनेमावर शिकवणी सुरू. मूकपटांपासून सुरुवात झाली, युद्धात मॉस्को-लेनिनग्राडची सिनेमावाली मंडळी ताश्कंदला आसऱ्याला आली, साठच्या दशकात गल्लीतली साधी माणसं पडद्यावर आली. "सोव्हिएत युनियन गेलं, सरकारी पैसा आटला. पण पोरांनी छोटे कॅमेरे घेऊन लग्नांच्या, सासू-सुनांच्या गोष्टी काढल्याच."

समोरच्या सरदारजींनी विचारलं, "और हमारी फिल्में देखते हैं?"

"पागल हैं जी हमारी फिल्मों के," बाबा खुलले.

कोपर्निकस मार्गावरच्या कँटीनमध्ये थाळी घेतली. मी पोटभर जेवले, बाबांनी वरणभात चिवडला. मग त्यांनी क्लबकडून आलेली संवादांची वही उघडली आणि चेहराच उतरला. सिनेमाला जायचं म्हणून लांबचा चष्मा लावून आले होते, जवळचा घरी. असा घोळ बाबाच घालू जाणे.

"आता?"

"आता कानांवर भिस्त."

सुरुवातीची दहा मिनिटं मी पदर असता तर त्यात तोंड लपवलं असतं. बाबा अडखळले, दोन वाक्यं गिळली. मग हळूहळू सूर लागला. अनुवादकाने आवाज सपाट ठेवायचा, रडायचं काम पडद्यावरच्यांचं, हा त्यांचा नियम. तो त्यांनी पाळला, सिनेमातला मुलगा युद्धावर निघेपर्यंत. आई त्याला रोटीचा एक घास तोडायला लावते आणि उरलेली भिंतीला टांगते. तो परत येऊन ती संपवणार, अशी तिकडची रीत. मग माइकवरून चक्क मराठी आली. "जातो म्हणू नये रे बाळा. येतो म्हण." मग सावरून तेच हिंदीत.

हॉलमध्ये मराठी बहुधा मी एकटीच, पण कुणी हसलं नाही. माझे डोळे भरून आले, ते लपवायचं कारण नाही.

दुसरा चित्रपट नवा, सबटायटल्सवाला, सासू-सुनेचा. हसून हसून पुरेवाट.

बाहेर दिलनोझा भेटली. दिल्लीच्या रुग्णालयांत उझबेक पेशंटांची दुभाषी, हिंदी आपल्या सिनेमांवर शिकलेली. "अंकल, माँ ने तो सिर्फ रोटी की बात की थी. बाकी कहाँ से आया?"

"मेरी माँ बोलती थी," बाबा ओशाळले. "गलती हो गई."

"मेरी नानी देखतीं तो कहतीं, माँ ने यही बोला है."

तिने आम्हाला लाजपत नगरला तिच्या मावशीच्या खानावळीत नेलं. परतीच्या वाटेवरच आहे, जरूर उतरा. गाजराचा पुलाव, तंदूरमधले समोसे, हिरवा चहा. हजारात तिघं तृप्त. चहाचा प्याला अर्धाच भरतात, तो पाहुण्याचा मान. काठोकाठ भरला तर उठायची वेळ झाली समजायचं. सकाळपासून उपाशी बाबांनी दोन ताटं पुलाव चापला.

निघताना मावशींनी गोल रोटी पुढे केली. बाबांनी एक घास तोडला आणि मावशींनी उरलेली गल्ल्यामागच्या खिळ्याला टांगली. बाबा दारात वळून म्हणाले, "येतो."

घरी येऊन आठवडा झाला. कथानकं माझ्या डोक्यात आताच एकमेकांत मिसळलीत. बाबांचा मात्र वीस वर्षांपूर्वीचा आवाज घरात परत आलाय, आणि तो मला हवा होता. आज सकाळी पाहिलं तर पायात बूट, खिशात दोन्ही चष्मे.

"कुठे निघालात?"

"लाजपत नगरला. रोटी वाळली असेल माझी."