जळकोटच्या ओळीपुढचा #

मंडळी, मी नांदेडच्या एका पॅथॉलॉजी लॅबचा सर्व्हर सांभाळतो. त्यातल्या होस्ट फाइलमध्ये आमच्या प्रत्येक केंद्राची एक ओळ आहे, कॉम्प्युटरचा पत्ता आणि गावाचं नाव. ओळ असली तरच सर्व्हर ते केंद्र ओळखतो.

सकाळी मालक म्हणाले, "जळकोट बंद करायलोत. ओळ काढ." मी ओळ पुसली नाही, पुढं # लावला. मग सर्व्हर ती वाचत नाही. आधी बंद झालेल्या लोहा आणि नायगावच्या ओळी तशाच # लावून पडून आहेत. परत कोणतीच चालू झाली नाही.

तासाभरात जळकोटहून सुनीताताईंचा फोन आला. केंद्रात त्या एकट्याच असतात. "दादा, रिपोर्ट दिसंना झालेत. पेशंट बसून राहिलेत."

त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मालकांना विचारलं तर म्हणाले, "कळंल की हळूहळू."

मी ताईंना म्हणालो, "बघायलोय."

तेव्हापासून त्यांनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, वायर बदलली, आता स्वतःच्या मोबाईलचं नेट जोडलंय. दर वेळी फोन करून विचारतात, "आता तिकडं आमचं केंद्र दिसायलंय का, दादा?"

तुम्ही काय सांगितलं असतं?

फोन परत वाजायलाय.