ग्रुपवरची सुट्टी

जवळ सरक गो बाय, आल्या आल्या निघायची घाई कसली तुला? माझ्या जिवाला चैन नाय. आपल्या नाचणीच्या पापडांच्या कामाला परवा सुट्टी होती, ती कामावरच्या पोरींनी मोबाइलच्या ग्रुपवर टाकली. सगळ्यांत जुन्या मावशींकडे मोबाइलच नाय. त्या डोळखांबच्या पाड्यावरून आल्या आणि बंद दाराशी बसून राहिल्या.

मी पोरींना ओरडले, तर त्याच रुसल्या. "काकी, मेसेज केला होता ना!"

काल मावशी कामावर आल्याच नाय. त्यांच्या घरी गेले, तर चहा देऊन म्हणाल्या, "मी नको असेन तर तोंडावर सांगा."

आता पोरींनीच मावशींना बोलवायला गेलं पाहिजे, पण एकही हलत नाय. तुझ्या वयाच्या आहेत, तुझं ऐकतील, जाता जाता समजाव त्यांना. लवकर परत ये गो, राहायलाच ये.