चिंचेपासून सत्तावीस पावलं

आमच्या पानमळ्याची मापं मला अजून तोंडपाठ आहेत. मळ्यातल्या चिंचेपासून पूर्वेला वीस पावलांवर विहीर आणि सत्तावीस पावलांवर हद्दीचा दगड. दगडापलीकडे शेजाऱ्याचं रान. ही पावलं आईची आहेत. वडिलांच्या पावलांनी मोजलं तर अंतर कमी भरायचं, म्हणून घरात आईचंच माप चाले.

मळा धारूरच्या डोंगरउतारावर होता. पानवेलीला पाणी एक दिवस चुकलेलं चालत नाही, आणि मळ्यात कुणी पायताण घालून जात नाही. या दोन गोष्टी मी चालायला लागले तेव्हाच शिकले. वडील मोट हाकायचे, आई पानं खुडून त्यांच्या कवळ्या बांधायची, मी त्या मोजायची. विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असे. त्या उतारावर तशी दुसरी विहीर नव्हती.

मी दहा वर्षांची असताना एका पावसाळ्यानंतर हद्दीचा दगड जागेवर दिसेना. आठ दिवसांनी तो सापडला, पण चिंचेपासून पंधरा पावलांवर, पक्का रोवलेला. म्हणजे विहीर शेजाऱ्याकडे गेली होती. शेजारी आमच्याच भावकीतला, गळ्यात महादेवाचं लिंग असलेला माणूस. मी त्यांना काका म्हणायची. वडील विचारायला गेले तेव्हा काका म्हणाले की दगड पहिल्यापासून तिथंच आहे.

वडील दोनदा कचेरीत जाऊन आले. तिथले कागद उर्दूत. कारकुनानं वाचून दाखवलं त्यात विहीर काकांची निघाली. खरंच तसं लिहिलं होतं की नाही, हे वडिलांना कळायचा काही मार्ग नव्हता. काकांचा मेहुणा त्याच कचेरीत होता, एवढं मात्र सगळ्या गावाला ठाऊक होतं.

शेवटी गावातले पंच बसले. आमच्याकडे अशा तंट्याला एक जुनी रीत होती. दोघांपैकी एकानं अंघोळ करून ओलेत्यानं यायचं, त्या रानातलं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं, ढेकळावर महादेवाचा बेल ठेवायचा आणि अनवाणी चालायचं. तो जिथून चालेल ती हद्द. मात्र पुढच्या सव्वा महिन्यात चालणाऱ्याच्या घरात मरण झालं किंवा मोठं अरिष्ट आलं, तर तो खोटं चालला असं ठरे, आणि मुदत संपायच्या आत दुसऱ्यानं पंचांपुढे उभं राहून आपली जमीन मागायची. मुदत गेली की मागणं संपलं.

कोण चालणार, असं पंचांनी विचारलं. वडिलांना स्वतः चालता आलं असतं. पण त्यांनी काकांकडे पाहून सांगितलं, "तुमीच चाला. बेल डोक्यावर घेऊन तुमी सांगाल ते मला कबूल हाय."

त्यांची चूक ती एवढीच. बेल डोक्यावर घेऊन माणूस खोटं चालेल, हे त्यांच्या मनातच येऊ शकलं नाही. काका ओलेत्यानं आले, ढेकूळ उचललं आणि पंधराव्या पावलावरून सरळ चालत गेले. मान वर केली नाही, पण पाऊलही अडखळलं नाही. आई माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली.

दुसऱ्या दिवसापासून जात्यामागच्या भिंतीवर रोज गेरूची एक रेघ ओढायचं काम वडिलांनी मला दिलं. याद्या आणि मोजदाद यांची माझी सवय तिथली आहे. रेघ ओढताना मी मनात आणखी एक यादी चालवायची. काकांची म्हैस आटावी. नाहीतर कडब्याची गंज पेटावी. नाहीतर त्यांचा पाय मोडावा, तोही उजवा. महादेवाला निवड करता यावी म्हणून मी तिन्ही गोष्टी रोज क्रमानं सांगायची.

विहिरीवरची मोट थांबली होती. मुदत संपेपर्यंत विहिरीला दोघांनीही हात लावायचा नाही, असं पंचांनी ठरवलं होतं. आई दूरच्या ओढ्यावरून घागरी आणून वेलींना घालायची. तिच्या डोक्यावरचे केस चुंबळीनं गेले. खालची पानं पिवळी पडली, तरी ती म्हणायची, महादेव बघतोय, आपण वेली जगवायच्या.

एकोणतिसाव्या रेघेच्या दिवशी, दुपारी, काकांच्या सुनेचं पाच महिन्यांचं बाळ गेलं. दोन दिवस जुलाब, मग संपलंच. बारशाला मी त्याला मांडीवर घेऊन बसले होते. त्यानं माझ्या परकराचं टोक तोंडात धरलं होतं.

माझ्या यादीत बाळ नव्हतं.

संध्याकाळच्या आत पंचांतले एक म्हातारे आमच्या ओसरीवर आले. त्यांच्या आवाजात दुःख होतं, आणि थोडं समाधानही. म्हणाले, "आप्पा, देवाच्या काठीला आवाज नसतो. निवाडा झाला. दिवस घालवू नका, येऊन विहीर मागा."

वडील काही बोलायच्या आत आई दारात आली. परक्या पुरुषांपुढे ती सहसा बोलत नसे. पदर सारखा करून तिनं विचारलं, "काठी त्याची, तर ती लेकराच्या पाठीवर कावून पडंल, मामा? चाललं कोन, आन् मेलं कोन?"

म्हातारे म्हणाले की रीत रीत असते.

"आसंल. पर ह्यो न्याय माझ्या महादेवाचा न्हाई. त्याचा न्याय अजून यायचा हाय."

म्हातारे गेल्यावर वडील तिच्याशी बोलले नाहीत. पुढचे आठ दिवसही बोलले नाहीत. वेली मरत होत्या, आणि त्या जगवायचा हक्क पंच हातात देत होते. वडिलांच्या बाजूनं पाहिलं तर त्यांचं चूक नव्हतं, असं मला आज या वयात वाटतं. रेघा मी ओढतच होते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी फेटा बांधला. आईनं अडवलं नाही. भाकरी थापत राहिली.

पंचांकडे जायचा रस्ता काकांच्या दारावरून जातो. वडील थोड्याच वेळात परत आले आणि फेटा खुंटीला लावला. बऱ्याच वेळानं त्यांनी आईला सांगितलं की काकांच्या आढ्याला पाळण्याच्या दोऱ्या तशाच लोंबत होत्या, आणि सून त्यांच्याखाली भिंतीला टेकून बसली होती. तिच्या चोळीचा पुढचा भाग दुधानं ओला होता. आईनं त्यांच्यापुढे ताट ठेवलं. त्या दिवशीची रेघ मी ओढली नाही.

मळा चैत्रापर्यंत वाळला. मुळं वडिलांनी स्वतः उपटली, मजूर लावला नाही. पुढे ते दुसऱ्यांच्या मळ्यात पानं खुडायला जात. काकांनी विहीर परत केली नाही आणि खोटं बोलल्याचं कधी कबूलही केलं नाही. म्हातारपणापर्यंत जगले. वडील त्यांच्या आधी गेले.

आई मात्र दर सोमवारी बेल घेऊन महादेवाला जायची. एकदा मी तिला विचारलं की अजून काय मागतेस. म्हणाली, मागत नाही, आठवण करून देते. आपण मरू, पंच मरतील, कागदात तर खोटंच लिहिलं आहे. दगड कुठं होता, हे कुणाला तरी माहीत असायला हवं. मग तिनं मला तिची प्रार्थना ऐकवली. दोनच ओळी होत्या.

ती जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न होऊन चौसाळ्याला आले, तिथंच संसार झाला. विहीर ढासळून बुजल्याचं मध्यंतरी माहेरच्या माणसाकडून कळलं. त्याला वाटलं, मला ऐकून बरं वाटेल. वाटलं नाही.

सोमवारी सकाळची कामं मी लिहून ठेवते. दळण, वाण्याचं सामान, माझ्या सुनेचं औषध. सगळ्यांच्या वर देऊळ असतं. इथला महादेव वेगळा आहे, पण त्याला सांगून ठेवायला हरकत नाही. बेल वाहते आणि आईच्या त्या दोन ओळी त्याच क्रमानं म्हणते. चिंचेपासून सत्तावीस पावलं, महादेवा. आन् ते लेकरू तुझ्याजवळ ठेव.