फणसाचा पाळणा आणि इथली हवा

बाळांनो, दोघांनाही एकदमच लिहिते आहे, म्हणजे एकीला सांगितलं आणि दुसऱ्याला राहिलं असं व्हायला नको. थोरलीने मागच्या महिन्यात फोनवर विचारलं, "आजी, माहेरचा पाळणा पाठवशील ना?" आणि मी म्हणाले, "बघते." तुमच्या आईने ते ऐकलं असतं तर ती समजली असती. आपल्याकडे 'बघते' म्हणजे बहुतेक वेळा 'नाही'. फक्त समोरच्याला लागू नये अशा बेताने सांगितलेलं. पण तू तिकडे परदेशात वाढलीस. तू म्हणालीस, "थँक यू आजी, मग मी दुसरा घेत नाही." आता बाळ यायला फार अवधी नाही आणि तू माझ्या 'बघते'वर विसंबून आहेस. म्हणून हे सगळं नीट लिहायला बसले.

पाळणा मागायचा तुला पूर्ण हक्क आहे. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते, आणि पाळणा माहेरचाच असतो. माझ्या वेळी माझ्या वडिलांनी तो कुडपण गावच्या फणसाच्या लाकडाचा करून घेतला. पोलादपूरच्या सुताराने खिळा न मारता सांधे बसवले. वर टांगायचं चिमणाळं माझ्या आईने शिवलं, जुन्या लुगड्यांच्या काठांचे तुकडे जोडून केलेल्या चिमण्या. तुमची आई त्यात वाढली. थोरली, तुझं बारसं महाडला त्याच पाळण्यात झालं. धाकटा तिकडे जन्मला, त्याच्या वाट्याला तो आलाच नाही. आजोबा तेव्हा म्हणाले होते, "पाळणा इथे आणि पोर तिथे, उलटंच झालं."

पुढे गावच्या वाचनालयाने वरच्या मजल्यावर जुन्या वस्तूंचं दालन काढलं. वरचा मजला अशासाठी की पुराचं पाणी तिथवर येत नाही. आमच्या घरात ते दोनदा आलं होतं. पाळणा माळ्यावर होता म्हणून वाचला. आजोबांनी आणि मी मिळून तो दालनाला दिला. आजोबा गेल्यावर मी तिथे आठवड्यातून काही दिवस जाऊ लागले. शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, म्हणून मुंबईहून आलेली यंत्रांची माहितीपत्रकं वाचायचं काम माझ्याकडे आलं आणि मग यंत्रंही माझ्याकडेच आली.

तुम्हाला वाटेल, पायल्या, पगड्या, नांगर ठेवायला कसली यंत्रं? पण आपल्याकडे पावसाळ्यात काडेपेटीची काडी पेटत नाही, मीठ ओघळतं, कपाटातल्या चपलांवर बुरा येतो. तीच हवा दालनातही असते. म्हणून भिंतीवर घड्याळासारखं एक यंत्र आहे, त्याचा काटा हवेतला दमटपणा दाखवतो. कोपऱ्यात दुसरं यंत्र आहे, ते हवेतलं पाणी ओढून खालच्या टाकीत जमवतं. खिडक्या बंद, पडदे जाड, दिवा माणूस आत असेल तेवढाच. टाकी ओतून टाकायचं काम झाडलोट करणाऱ्या मावशींचं. त्या जवळच्या नाते गावाहून येतात. टाकी भरलेली दिसली की म्हणतात, "तान्ह्या पोरासारखं हाय ह्ये. आता बदललं की परत ओलं."

मला एक गोष्ट उशिरा कळली. मला वाटे, हवा जितकी कोरडी तितकी चांगली. पण जुन्या वस्तू कशा जपायच्या ते मुंबईहून आम्हाला शिकवायला येणाऱ्या बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं की वस्तूला दमटपणापेक्षा त्यातला चढउतार जास्त मारतो. लाकूड ओलाव्याने फुगतं, कोरड्याने आखडतं. सावकाश झालं तर ते सोसतं, एकदम झालं तर तडकतं. तेव्हापासून मी काट्याकडे रोज बघते, तुमचा फोन येणार असला की घड्याळाकडे बघते तशी.

यंदा श्रावणात पोलादपूरकडे झाडं पडली आणि इथली लाईट बरेच दिवस गेली. पाणी ओढणारं यंत्र बंद. मला ताप होता, मी घरीच होते. लाईट आली तशी वर गेले, तर जिन्यातच वास आला. वावडिंग, ओवा, लसणाची सालं. आत मावशी शेगडी घेऊन पाळण्याखाली बसल्या होत्या आणि पदराने धूर वर सारत होत्या.

"मावशी, हे काय?"

"धुरी देत्ये, बाई. सर्दलाय पाळणा. खाली बुरा आलाय, ह्यो बघा."

"अहो, इथे विस्तव आणायचा नसतो."

"मग पोर निजवायचं कसं त्यात? तुमीच बोल्लात, नातीकडं पाठवायचा हाय म्हणून."

"अजून ठरलं नाही."

"पोर काय तुमच्या ठरायची वाट बघत बसलंय होय?"

मी शेगडी उचलायला वाकले आणि तो वास अंगावर आला. न्हाऊन आलेली तुमची आई, तिच्या ओल्या जावळाला लागलेला तो वास. नंतर तोच वास, थोरली, तुझ्या टाळूला. आजोबा वर्तमानपत्र वाचता वाचता पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून पाळणा हलवायचे, आणि पेपर संपला तरी उठायचे नाहीत. आमच्या घरात तो वास पुन्हा यायचं कारणच उरलं नव्हतं. तो तिथे, काचेच्या कपाटांच्या मध्ये, असा भरून आलेला.

मग शेगडी खाली नेली. पंचाईत अशी की खिडकी उघडावी तर बाहेरची ओली हवा आत येणार आणि बंद ठेवावी तर धूर वस्तूंवर बसणार. शेवटी जिन्याचा दरवाजा उघडून पंखा लावला. तरी चिमण्यांवर काजळी धरलीच. जाताना मावशी म्हणाल्या, "माझ्या चारी पोरांना दिलीया गो मी धुरी. वाईट काय केलं?" बाईवरून त्या 'गो'वर आल्या, म्हणजे दुखावल्या होत्या. मी म्हटलं, "वाईट नाही केलंत. हे लाकूड आता वेगळ्या घरात राहतं, एवढंच."

मुंबईच्या बाई पंधरवड्याने आल्या. त्यांनी मऊ ब्रशाने काजळी काढली, खालच्या फळीवरची बुरशी औषध लावून पुसली. काम संपल्यावर मी त्यांना विचारलं, पाळणा परदेशी पाठवता येईल का. हे 'बघते' मात्र मी खरोखरच बघितलं, थोरली.

"पाठवता येईल," त्या म्हणाल्या. "पण हिवाळ्यात तिकडे घरात हीटर चालणार. या लाकडाला इथल्या हवेची सवय आहे. तिकडच्या कोरड्या हवेत ते आखडेल, सांधे उघडतील. वजन टाकल्यावर कुठला सांधा कधी सुटेल हे मला सांगता येणार नाही."

धाकट्या, तू सुचवलेल्या हवा ओली करणाऱ्या यंत्राबद्दलही मी विचारलं. त्यांचं म्हणणं, तान्हं मूल असलेल्या घरात दिवसरात्र काटा कोण सांभाळणार. मला ते पटलं. तुमच्याकडे हिवाळ्यात आले होते तेव्हा माझ्या टाचा भेगाळून रक्त आलं होतं, आणि मी काही फणसाची नव्हे.

मावशी झाडू घेऊन ऐकत होत्या. "पाळणा जात नाय तर पोर आणा हिकडं. बारशाला नाय, वाढदिवसाला आणा."

मला तेच हवं होतं, म्हणून मी लगेच विचारलं, बाळ आलं तर त्याला घटकाभर त्यात निजवलं तर चालेल का? बाई म्हणाल्या, "आजी, औषध लावलंय. त्यात मूल नको." त्यांनी हळू आवाजात सांगितलं, पण सांगितलं ते 'नाही'च.

तेव्हा थोरली, तू दुसरा पाळणा घे. लवकर घे, आणि चांगल्या जाड दोरीचा घे. तिकडे दोरीचा मिळत नसेल तर मिळतो तो घे. हे 'नाही' मला फोनवर म्हणता आलं नसतं, तुझा चेहरा समोर दिसतो. आपल्या पाळण्यात आता कुणी निजणार नाही हे मलाही अजून पचलेलं नाही. दालनात गेले की हात कठड्याकडे जातो आणि मी तो मागे घेते; हातमोज्याशिवाय लावायचा नाही, असा नियम मीच भिंतीवर लिहून लावला आहे.

पण काय राहिलं आहे ते तुम्हा दोघांना माहीत असावं. चारही सांधे घट्ट आहेत. पितळी कड्या काळवंडल्या आहेत, झिजलेल्या नाहीत. थोरली, दात येताना तू चावलेल्या कठड्यावर खुणा आहेत. चिमण्यांचा रंग वरून विटला आहे. बाईंनी एक उलटी करून दाखवली, तर पंखाखाली माझ्या आईच्या लुगड्याचा लाल काठ अजून लाल आहे.