बोट बुडेल इतकं पाणी

कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांतील समस्त जेवणाऱ्या जनतेस, विशेषतः आमच्या पंचक्रोशीतल्या लग्नांत ज्यांनी कधी ना कधी गिचका भात मुकाट्याने गिळला आहे त्यांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, त्या भाताचा दोष तांदळाचा नव्हता, चुलीचा नव्हता आणि रांधणाऱ्या बिचाऱ्या बायकांचाही नव्हता. दोष आमच्या आजीच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचा होता. अगदी नेमकं सांगायचं तर, त्या बोटाचा जो भाग जागेवर नव्हता त्याचा.

ते बोट मधल्या पेरापर्यंतच होतं. पुढचं कुठे गेलं याची आजीकडे प्रत्येक नातवंडासाठी वेगळी गोष्ट होती. थोरल्या काकांच्या मुलांना तिने सांगितलं होतं की उंदराने नेलं. आत्याच्या मुलीला सांगितलं, विहिरीतल्या कासवाने. मला मात्र तिने जवळ बसवून, आवाज खाली आणून सांगितलं, "तुला दात आले ना रं, तवा पयला घास तू माझ्या बोटाचा घेतलास." चौथीपर्यंत मी हे खरं धरून चाललो होतो. घरात मटण शिजलं की मी गुन्हेगारासारखा मान खाली घालून जेवायचो. आणि ती ताटात आणखी एक फोड टाकत म्हणायची, "खा, खा. सवय हाय तुला."

खरी हकीकत आईने सांगितली. भाताच्या कापणीत विळा सटकला. आजीने पदराची चिंधी फाडून बोटाला बांधली, हातातली ओळ पुरी केली आणि मग कडावच्या डॉक्टरांकडे गेली. आजोबा खोपोलीला कारखान्यात पाळीवर होते. ते संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले, पोटभर जेवले, आणि त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवल्यावर आजीने हात पुढे केला. आजोबा पांढरेफटक पडले. आधी का नाही दाखवलंस, म्हणून ओरडले. आजी म्हणाली, "आदी दाखवलं असतं तर तुमी जेवला नसता."

जेवणापुढे तिला जगातली कुठलीच गोष्ट तातडीची वाटत नसे. पहाटे चार म्हशींचं दूध काढायचं, ते दहिवलीला घालून यायचं, मग शेत, मग घर. एवढं सगळं उरकून तिचा दिवस शिल्लक राहायचाच, आणि तो ती गावाला देऊन टाकायची. लग्न असो, हळद असो, बारसं असो, नाहीतर कुणाचे दिवस असोत, भात आजीचा. तिला कुणी आमंत्रण देत नसे. नुसता निरोप यायचा, "टोप चढतोय." की ही आपला लांब दांड्याचा कालथा खांद्यावर टाकून निघायची. मारुती गदा घेऊन निघाल्यासारखी. शेवटची पंगत उठेपर्यंत ती स्वतः घास खात नसे, आणि कुणी साडीचोळी पुढे केली तर म्हणायची, "माझा भात वाया घालवू नका, त्येच लुगडं."

एकदा पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी दहिवलीच्या खालच्या घरांत शिरलं. माणसं शाळेच्या वऱ्हांड्यात येऊन बसली, बायका हुंदके देत होत्या, पुढारी लोक पाहणी करत होते. आजीने टेंपोतून टोप नेला, तीन दगड मांडले आणि चूल पेटवली. भात झाल्यावर ती रडणाऱ्या बायकांसमोर पत्रावळ्या आपटत गेली. "रडायचं ते भरल्या पोटी रडा गं. जोर तरी येईल." त्यातल्या दोघी रडता रडता हसल्या, असं आई अजून सांगते.

आणि तो भात. पेज काढून टाकणं म्हणजे तिच्या मते भाताचा जीव काढून टाकणं. त्यामुळे पाणी घालायचं ते बेतानंच. आमच्याच खाचरातला जाडा तांदूळ, पण पत्रावळीवर पडला की शीत न् शीत सुटं. मोजमाप एकच. टोपात तांदूळ घालायचे, वर पाणी ओतायचं, डावं बोट सरळ आत घालायचं. टोक तांदळाला लागलं आणि पाणी बोटाच्या मुळाशी आलं की ती म्हणायची, "बास." एका लग्नात नवऱ्याकडच्या एका टिळेवाल्या गृहस्थांनी अन्नात डावा हात घालण्याला हरकत घेतली. आजीने त्यांच्याकडे न बघता सांगितलं, "उजवा ढवळतो, डावा मोजतो. दोगांना आपापली कामं हायेत. तुमच्या दोगांना हायेत काय?" गृहस्थ तिसऱ्या पंगतीपर्यंत पाणी वाढत होते.

तिने हे गुपित कधीच ठेवलं नाही, हीच तर मौज. कुणीही विचारावं, ती हातचं न राखता सांगायची, "बोट बुडेल इतकं पाणी घाल." पंचक्रोशीतल्या बायका जिवाचे कान करून ऐकायच्या, घरी जाऊन आपापली धडधाकट, पूर्ण लांबीची बोटं टोपात बुडवायच्या, आणि गिचगोळा वाढायच्या. आजीला खरोखर कळत नसे की असं का होतं. "लक्ष नसतं तुमचं," एवढंच म्हणायची. काहींना वाटे ती पाण्यावर मंत्र टाकते. एकीने तर एका हळदीला तिचा कालथा गुपचूप पळवून नेला होता. दुसऱ्या दिवशी परत आणून दिला, तेव्हा तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं की कालथ्यातही काही नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्या माणसांना ते अर्धं बोट दिसलं नाही? रोज दिसत होतं. पण त्या बोटाच्या गोष्टीच इतक्या होत्या की बोटाकडे कोण बघतो.

या गिचगोळ्याचा सगळ्यात मोठा फटका बसला माझ्या धाकट्या बहिणीला. सुमी लहानपणापासून आजीच्या चुलीशी बसलेली, आजीचा कालथा धरणारी, पुढे खोपोलीच्या शाळेत गणिताची बाई झालेली. खालापूरकडच्या एका लग्नात आजीला ताप होता म्हणून भात सुमीने केला. सगळं आजीसारखं केलं. बोट बुडवलं. पंगतीत जगूतात्या बसले होते. जगूतात्या म्हणजे आमच्या दोन्ही तालुक्यांतल्या पंगतींचे न नेमलेले परीक्षक. त्यांनी भात बोटांत धरून दाबला, तो दोन बोटांच्या मध्ये चिकटून राहिला, आणि ते सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरी, खळ चांगली झालीय. पतंग चिकटवायला ठेव." मांडव हसला. सुमीही हसली. त्यानंतर मात्र तिने परक्या चुलीवर टोप चढवला नाही. गणिताच्या बाईला पाणी मोजता येत नाही, हा टोमणा मी स्वतः तिला इतक्या वेळा मारला आहे की त्याची आता लाज वाटते.

पुढे आजी पडली, खुबा मोडला आणि ती ओटीवरची झाली. टोप चढत राहिले, पण केटरर्सच्या हातून. सुमी रविवारी यायची, तिला न्हाऊ घालायची, नखं कापायची. एका रविवारी नखं कापता कापता ती थांबली. मी शेजारीच पेपर वाचत होतो. तिने पुन्हा पहिल्यापासून बोटं मोजली, गणित शिकवणारी बाईच ती. नखं नऊच होती. मग तिने आजीचं ते आखूड बोट आपल्या बोटाला लावून पाहिलं, आणि एकदम म्हणाली, "आजी गं, तुझं पाणी कमी असायचं."

आजीला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ती इतकी हसली की आईने आतून धावत येऊन पाणी दिलं. "म्हंजे आख्ख्या गावाला गिचका मीच चारला?" हसता हसता डोळे पुसले. मग सुमीच्या पर्सला अडकवलेलं लाल पेन मागून घेतलं, आपल्या बोटाचं टोक तिच्या बोटाच्या टोकाशी जुळवलं आणि जिथे आपलं बोट मुळाशी संपतं तिथे तिच्या बोटावर रेघ मारली. म्हणाली, "हितवर बुडव. माझं झालं."

ती रेघ रोज आंघोळीला पुसली जायची आणि सुमी रोज परत काढायची. वर्गातल्या मुलांना वाटे, बाई वह्या तपासतात म्हणून शाई लागते.

आजी दिवाळीनंतर गेली. तेराव्याला सगळी पंचक्रोशी येणार होती. जिने त्यांच्या लग्नांत भात केला, तिच्याच नावाचा भात त्यांना जेवायचा होता. काकांनी कर्जतच्या केटररला सांगायचं ठरवलं. सुमी म्हणाली, भात मी करते. काकांनी प्रेमाने समजावून पाहिलं, जगूतात्याही येणार आहेत, याची आठवण करून दिली. तिने कालथा उचलला.

सकाळी चुलीपाशी मी तिच्या मागे उभा होतो. बोटावर पेनाच्या रेघेवरच तिने शिवणाचा निळा दोरा बांधला होता. टोक तांदळाला लागलं, पाणी दोऱ्याशी आलं. उरलेलं बोट कोरडं होतं. "बास," ती म्हणाली, पण हात बराच वेळ तसाच होता.

पहिली पंगत बसली. रडून रडून आमचे सगळ्यांचे चेहरे सुजले होते, आणि वाढताना मला सारखी आजीची ती शाळेच्या वऱ्हांड्यातली ताकीद आठवत होती. भात पडला, वर वालाची भाजी पडली. सुमी खांबाआड उभी राहून एकाच माणसाकडे बघत होती. जगूतात्यांनी सवयीने चार शितं बोटांत धरली आणि दाबली. बोटं उघडली, तर शितं सुटी होऊन पत्रावळीवर पडली. त्यांनी एक घास खाल्ला. आणखी एक खाल्ला. मग आजीच्या फोटोला घातलेल्या हाराकडे पाहिलं, स्वयंपाकाच्या मांडवाकडे पाहिलं, आणि भर पंगतीत त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"अरं, म्हातारी आत हाय काय?"