पाटी पुढच्या दारी गेली

तोफूवाल्याच्या दारावरून पाटी निघाली आणि थेट न्हाव्याच्या दारावर जाऊन बसली. मध्ये किनुचं घर होतं, ते ओलांडलं गेलं.

सकाळी किनुने सरकतं दार उघडलं आणि सवयीने चौकटीवर हात नेला. हाताला नुसता खिळा लागला. तिने डोळे बारीक करून पाहिलं. खिळ्याखाली पाटीच्या आकाराचा काळसर चौकोन होता, पंचेचाळीस वर्षांचा. पाटी नव्हती.

हिनोतानीच्या वरच्या गल्लीत अठरा घरं आणि अठरा घरांत मिळून एक कुंड. डोंगराच्या पोटातलं गंधकाचं पाणी लाकडी पन्हाळीतून त्यात पडतं. रोज एका घराने कुंड घासायचं. ज्याच्या दारावर पाटी, त्याने दुपारी गुडदी उपसून पाणी सोडायचं, तळ आणि भिंती घासायच्या, कुंड पुन्हा भरायचं आणि पहिल्या पाण्यात आपण उतरायचं. पहिलं पाणी घासणाऱ्याचं, तिथे गावच्या मुखियाचंही चालत नाही. मग संध्याकाळी पाटी शेजारच्या खिळ्यावर. दर अठराव्या दिवशी ती आपल्या दारी येणार, हे कुणाला सांगावं लागत नाही.

किनु तशीच उभी होती, तेवढ्यात दोन पाहुण्या मुली नकाशा घेऊन दारातून आत डोकावल्या.

"हे संग्रहालय का हो?"

"नाही. घर आहे."

"अय्या, मग आत कुणी राहतं?"

"एक म्हातारी राहते. जुनी आहे, हात लावू नका."

मुली हसल्या. एकीने चौकटीचा फोटो काढला. "आणि हा खिळा कशासाठी?"

"तुमच्यासारख्यांच्या टोप्या अडकवायला," किनु म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

वसंतापासून हे असंच चाललं होतं. गल्लीला 'जुनी गल्ली' असा दर्जा मिळाला होता. विजेचे खांब गेले, कागदी दिसणारे प्लास्टिकचे कंदील आले. गेल्या पंधरवड्यात कुंडही सकाळपासून एकपर्यंत पाहुण्यांना तिकीट लावून खुलं झालं. ज्यांना आपल्या घरच्या नहाणीत पाय धुवायचा आळस, ते आता लांबून येऊन गल्लीच्या पाण्यात डुंबून जात. किनुने त्यावर फार तोंड टाकलं नव्हतं. आपला वार आपल्याकडे आहे ना, मग बाकीचं गेलं उडत!

आज तोच गेला होता. तिने सपाता चढवल्या आणि काठी न घेता निघाली.

न्हाव्याच्या दुकानात मुखिया मात्सुकुरा खुर्चीत आडवा होता, गळ्यापर्यंत फेस. तोकुजीच्या हातात वस्तरा. त्याची बायको चिएको कोपऱ्यात टॉवेलांच्या घड्या घालत होती. किनुला बघताच वस्तरा हवेतच थांबला.

"तोकुजी, पाटी वाट चुकली वाटतं."

"या ना आजी, बसा. चिएको, चहा टाक."

"चहा माझ्या घरी आहे. पाटी नाहीये."

मात्सुकुराने फेसातून तोंड उघडलं. उठून पळायची सोय नव्हती. "किनुसान, ते आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. तुमच्या कंबरेचा विचार करून."

"माझ्या कंबरेचा? नवरा जाऊन चौदा वर्षं झाली, तेव्हापासून तिचा विचार कुणी केला नव्हता."

तोकुजीला हसू आलं, ते त्याने खोकल्यात दडवलं.

"तसं नाही हो," मात्सुकुरा म्हणाला. "बैठक झाली. एकमताने ठरलं."

"अठरा घरांची बैठक आणि सतरा जणांचं एकमत. झकास! मी काय तेव्हा मेले होते?"

"आणि पहिलं पाणी तुमचंच, आजी," तोकुजी घाईने म्हणाला. "तेही दर अठराव्या दिवशी नाही, रोज. रोज तुम्ही आधी उतरायचं, मग गल्ली."

"घासल्याशिवाय? मी काय पाहुणी आहे? तिकीट फाडू का?" किनुचा आवाज चढला. "एकोणऐंशीची आहे, तरी तासाभरात कुंड घासून होतं माझं. हात फिरवला की निघतं! चिएको, तुझ्या सुनेला अडीच तास लागतात, तेही कण्हत. तिला द्या ना सुट्टी!"

चिएकोने एकाच टॉवेलाची घडी मोडून पुन्हा घातली. "काकू, मग आज मी येते तुमच्यासोबत," ती खालच्या मानेने म्हणाली. "दोघी मिळून—"

"तू केस झाड."

बाहेर येऊन किनुने न्हाव्याच्या खिळ्यावरची पाटी काढली, छातीशी धरली आणि कुंडाकडच्या दगडी पायऱ्या चढू लागली. चाळीस पायऱ्या. चौथ्या पायरीलाच श्वास लागला, पण दुकानाच्या काचेतून तिघं बघत असणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती थांबली नाही.

या पाटीसाठी तिने काय नाही केलं! एकोणिसाव्या वर्षी घाटाखालून आली, गावातल्या सराईमध्ये ताटं उचलायला. एकविसाव्या वर्षी ओदाकांच्या मुलाशी लग्न झालं, तरी गल्ली तिला 'खालची' म्हणायची. ओदाकांची ती खालची आली का? खालचीला सांग, उंबऱ्यावर बसू नको. पाटी घरी यायची ती सासूच्या, सुएबाईंच्या हातात. सून मागून बादली घेऊन. चौतिसाव्या वर्षी पाटी किनुच्या हातात आली आणि तेव्हापासून ती खालची राहिली नाही. मुलगा शहरात गेला, नवरा गेला, पण दर अठराव्या दिवशी गल्ली तिला विचारायची, "किनु, पाणी आज कसं?" आणि ती सांगायची.

एक वाजता शेवटचा पाहुणा ओल्या केसांनी बाहेर पडला. किनुने दाराला आतून कडी लावली, बाह्या बांधल्या, दोरीने गुडदी उपसली. पाणी गुरगुरत गेलं. ती उतरली, काथ्याचा कुंचा घेतला आणि भिंतीवर हात फिरवला.

काहीच निघालं नाही.

तिने पुन्हा फिरवला. मग दोन्ही हातांनी, कुंच्यावर अंगाचा भार टाकून. गंधकाचा पिवळट थर दगडाला चिकटून बसला होता, त्यावर साधा ओरखडासुद्धा नाही. कुंचा वाईट असेल म्हणून तिने दुसरा आणला. मग तिसरा. तिन्ही कोरडे ठणठणीत होते.

तिसरा हातात असताना ती थांबली.

गेल्या वेळेपर्यंत कुंचे ओले असायचे. ती दोनला यायची, फळीवर हात टाकायची आणि तिन्ही ओले लागायचे. वाफेने भिजत असतील, असं तिने आपलं आपण ठरवून टाकलं होतं. तेव्हा कुंड अकरा ते दोन बंद असायचं, गल्ली जेवायची. आता एकपर्यंत पाहुणे. तिच्याआधी येऊन गुपचूप घासून जायला आता कुणालाच वेळ उरला नव्हता.

किनु कुंडाच्या तळाशी, रिकाम्या ओल्या दगडावर, बसली.

ओले कुंचे तिला समजले नाहीत, असं कसं झालं? तिनेच तर ओले केले होते. सुएबाईंचे हात थकले तेव्हा त्यांच्या वाराला, गल्ली जेवत असताना, किनु चोरून यायची आणि घासून जायची. दुपारी सासू यायची, वरवर हात फिरवायची आणि संध्याकाळी सगळ्यांत बसून सांगायची, "अगं, हात फिरवला की निघतं!" बाया एकमेकींकडे बघायच्या. किनु तोंडाला पदर लावावा तसा टॉवेल लावून हसायची. चार वर्षं हसली. मग एक दिवस त्या वेळच्या मुखियाकडे गेली. "आईंना आता नको हो त्रास," म्हणाली. "मी आहे ना." त्यात सासूची काळजी किती आणि पाटीची हाव किती, हे तिने तेव्हा तपासलं नाही. आता तपासायला आरसा नको होता.

त्या संध्याकाळी पाटी आली. सुएबाईंसमोर किनुने ती दोन्ही हातांनी घेतली. म्हातारी एवढंच म्हणाली, "जड आहे गं. सांभाळ."

त्यानंतर सुएबाई कुंडावर आल्या नाहीत. घरात किटलीचं पाणी घेऊन अंग पुसायच्या. तिसऱ्या हिवाळ्यात गेल्या. किनु सगळ्यांना सांगत राहिली, आईंना चढ चढवत नाही. त्याच चाळीस पायऱ्यांच्या वरती देऊळ आहे आणि तिथे सुएबाई मरेपर्यंत रोज जात होत्या.

बाहेर पावलं वाजली. "काकू?" चिएकोचा आवाज. "झालं का?"

किनुने कडी काढली. दारात चिएको आणि तिची सून, दोघींच्या बाह्या बांधलेल्या.

"किती वर्षं, चिएको?"

"काय, काकू?"

"उगाच वेड पांघरू नको. किती?"

चिएकोने खाली पाहिलं. "तिसरं चाललंय."

"हसायचात का गं?"

"कुठलं हसतोय! दुकान उघडं टाकून यायचो, काकू. हसायला वेळ कुठे होता?"

हे किनुला हसण्यापेक्षा जास्त लागलं. तिने कुंचा पुढे केला. दोघी खाली उतरल्या आणि घासू लागल्या. किनु काठावर उभी राहून बघत होती. सून कण्हत नव्हती. अडीच तास का लागायचे ते तिला आता कळलं, इतका तो थर चिवट होता.

पन्हाळीचं पाणी कुंडात पडू लागलं, वाफ चढली. चिएकोने कपाळ पुसलं. "उतरा काकू. पहिलं पाणी तुमचं."

किनुने पाटी उचलली आणि सुनेपुढे धरली, दोन्ही हातांनी. पोरीच्या एका हातात बादली होती, तिने पाटी दुसऱ्या ओल्या हातात घेतली. किनुच्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. ते दुसऱ्या कुणाचं होतं, म्हणून तिने गिळलं.

"आज जरा सर्दी वाटतेय," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरू लागली.

संध्याकाळी गल्लीतली माणसं टॉवेल खांद्यावर टाकून वर निघाली. किनुच्या दाराशी कुणीतरी थांबलं. "आजी येणार नाहीत का? पहिलं पाणी थांबवलंय."

"नाही येणार वाटतं," चिएकोचा आवाज आला, हळू, मायेचा. "काकूंना आता चढ चढवत नाही."

पावलं पुढे गेली. किनुने किटली खाली उतरवली आणि टबात पाणी ओतलं. ते कसंबसं घोट्यापर्यंत आलं.